चिखलात पाठ केलेला उपदेश

मालकाने उपदेश केला तो दारूवर. आणि नजर कुठे ठेवली, तर देवळाच्या शेवटच्या बाकावर, दाराजवळ, जिथे माझे धाकटे दीर उजवा हात शर्टाच्या बाहीत लपवून बसले होते. हात म्हणजे मनगटापर्यंतचाच. पुढचा मालकाच्या कौलांच्या कारखान्यात राहिला.

"बाटलीने घरं बुडतात," मालक म्हणाला. आवाज असा खाली आणला की पुढच्या बायका माना पुढे काढून ऐकू लागल्या. मग एकदम वर चढवला. "आणि बाटलीने हातही जातात!"

सगळ्या माना मागे वळल्या. भाऊजींनी बाही आणखी खाली ओढली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठून त्याच्या तोंडावर सांगावंसं वाटलं, की मेल्या, या पोराने आयुष्यात थेंब चाखला नाही. पण आमच्या ख्रिस्ती मंडळीत नियम आहे. उपदेश चालू असताना कोणी उठायचं नाही, कोणी मध्ये बोलायचं नाही. उपदेश झाला की साक्ष. कोणाला देवासमोर काही सांगायचं असेल तर त्याने उभं राहून सांगावं, आणि तेव्हाही कोणी अडवायचं नाही. मग शांतीचा हात. सगळ्यांनी उठून एकमेकांचा उजवा हात हातात घ्यायचा, आणि मगच घरी जायचं.

त्या दिवशी मालक हात देत देत शेवटच्या बाकापर्यंत आला. भाऊजींसमोर थांबला. हात पुढे केला नाही. त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सांभाळ रे बाबा. आता तरी सोड."

भाऊजी म्हणाले, "हो मालक."

हो मालक! मला आजही ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते, स्वतःची नाही, कोणाचीही.

झालं होतं ते असं. कारखान्यात माती मळायचं यंत्र आहे. वरून ढेकळं टाकायची, आत पाती फिरतात, खालून मऊ माती निघते. यंत्राच्या तोंडावर लोखंडी जाळी होती. ढेकळं जाळीत अडकायची, काम रखडायचं, म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच जाळी काढली गेली. कोणी काढली, कोणाच्या सांगण्यावरून, ते सगळ्या कारखान्याला ठाऊक. मग एका सकाळी भाऊजींचा हात ढेकळाबरोबर आत गेला. मालक म्हणाला, पोरगा पिऊन आला होता. मिस्त्री, म्हणजे यंत्र सांभाळणारा, जो आमच्याच बाकावर आमच्या शेजारी बसतो, त्यानेही पंचांसमोर मान खाली घालून सांगितलं, "तोंडाला वास येत होता खरा." भाऊजींना त्या घडीचं काहीच आठवत नव्हतं.

एवढ्यावर माणूस संपतो. भाऊजी देवळाची घंटा वाजवायचे, लहान होते तेव्हापासून. तो दोर त्यांच्या हातून काढून घेतला. ठरलेलं लग्न मुलीच्या बापाने मोडलं. हात गेला म्हणून नव्हे, पिणाऱ्याला मुलगी देणार नाही म्हणाला. दुसरीकडे कामाला गेले तर लोक आधी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे. खोटं नाही सांगत, खरोखर नाक पुढे करून.

आणि आम्ही? आम्ही त्याच मालकाकडे माती तुडवत होतो. यंत्राजवळ जायला कोणी तयार होईना, म्हणून ते बंद पडलं आणि पुन्हा जुन्या पद्धतीने पायांनी मळणं सुरू झालं. मी आणि नवरा दिवसभर हौदात. गुडघ्यापर्यंत गार चिखल, वर ऊन. टाचांना भेगा, भेगांत वाळू. संध्याकाळी पाय धुतले तरी नखांखालचा लाल रंग जात नाही.

नवऱ्याला सगळे घुम्या म्हणतात. बोलतच नाही हा माणूस. विचारलं तर मान हलवतो, फारच झालं तर "बघू" म्हणतो. मला म्हणतात कात्री. का, ते सांगायला नको.

त्या रविवारी घरी आल्यावर भाऊजी न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले. मी चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. मग नवऱ्याला म्हटलं, "येत्या रविवारी पाळी कोणाची?"

आमच्या पाळकांचे पाय सुजून ते घरीच पडलेत. तेव्हापासून दर रविवारी एका घराने उपदेश करायचा, ठरलेल्या क्रमाने. नवऱ्याने बोटांवर हिशेब केला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आपली," तो म्हणाला.

"देव आहे," मी म्हणाले.

"मला नाही जमणार गं. मागच्या वेळी मी नुसतं शास्त्र वाचून खाली बसलो होतो."

"या वेळी बसायचं नाही. जगात एकच जागा आहे जिथे मालकाला तोंड बंद ठेवून ऐकावं लागतं. ती देवाने आपल्या हातात दिली आहे आणि तुम्ही खाली बसणार? बोलायचं काय ते मी सांगते. तुम्ही फक्त तोंड हलवा."

"बघू," तो म्हणाला.

सोमवारी हौदात उतरलो तेव्हा माझ्या डोक्यात उपदेश अर्धा तयार होता. शास्त्रातली ती गोष्ट मी निवडली होती: राजाला शेजाऱ्याचा मळा हवा असतो, शेजारी देत नाही, मग खोटे साक्षीदार उभे करून त्या गरिबाला दगडांनी मारतात. आणि शेवटी देवाचा माणूस येऊन राजाला तोंडावर सांगतो, की जिथे त्याचं रक्त कुत्र्यांनी चाटलं तिथे तुझंही चाटतील. काय गोष्ट आहे! माझ्यासाठीच लिहून ठेवल्यासारखी.

"डाव्या पायाला 'राजा होता मोठा'," मी म्हणाले, "उजव्याला 'पण पोट होतं खोटं'. म्हणा."

"राजा होता मोठा," नवऱ्याने डावा पाय रोवला. "पण पोट होतं खोटं." उजवा.

काय सांगू, पायांबरोबर त्याला येऊ लागलं! एरवी ज्या माणसाच्या तोंडून दोन शब्द निघत नाहीत, तो चिखलात पाय मारत धडाधड बोलत होता. पाय वर, शब्द वर. पाय खाली, शब्द खाली. मी त्याला कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं शिकवलं. मालकाकडूनच चोरलं होतं मी ते. त्याच्याच हत्याराने त्याला कापायचं होतं.

"कुत्र्यांपाशी आलात की थांबा," मी सांगितलं. "मालकाकडे बघा. मनात हळूच एक-दोन-तीन म्हणा. मग म्हणा, 'आजही कुत्रे उपाशी आहेत.'"

"फार होत नाही का ते?"

"भाऊजींना थोपटलं तेव्हा फार झालं नाही?"

तो पाय मारू लागला. दुपारनंतर मी पाहिलं, त्याची टाच जरा जास्तच जोरात खाली जात होती. दात आवळलेले होते. मला बरं वाटलं. माझीही तशीच जात होती. माझ्या टाचेखाली मालकाचं नाक होतं, हे सांगायला मला लाज नाही.

मालक दोनदा हौदापाशी येऊन गेला. एकदा म्हणाला, "काय घुम्या, रविवारी तुझी पाळी ना? थोडक्यात उरक बरं का. लोकांना भुका लागतात." आणि हसला. नवऱ्याने मान हलवली. मी वाकून चिखलातला खडा काढला आणि बाहेर फेकला. जरा त्याच्या बुटाजवळच पडला.

शुक्रवारी नवरा म्हणाला, "पाळकांना भेटून येतो." मीही गेले. एकट्याला सोडलं असतं तर त्याने पाळी दुसऱ्या कोणाला देऊन टाकली असती.

पाळक खाटेवर उशीला टेकून बसले होते, पाय फडक्यांनी बांधलेले. खोलीत औषधाचा वास. नवरा उभाच राहिला, म्हणून मीच सगळं सांगितलं. त्यांनी म्हटलं, "ऐकव बघू थोडं."

नवऱ्याने सुरुवात केली, अडखळला, पुन्हा केली. पाळकांनी माझ्याकडे बघितलं. "बोलणं तुझं आहे ना?"

"हो."

"चांगलं आहे. मला एवढं चांगलं कधी जमलं नाही." मग नवऱ्याला म्हणाले, "पण तू ते घरी ठेवून जा."

"म्हणजे?" मी विचारलं. "रिकामे हात हलवत उभं राहायचं?"

"हो. मी आयुष्यभर उपदेश केले, पोरी. ज्या दिवशी झकास बोललो, त्या दिवशी लोक दारात म्हणाले, वा पाळक, काय बोललात! आणि जेवायला गेले. एकदा मला ताप होता, काहीच सुचेना, नुसता 'प्रभू, तूच बोल' म्हणून उभा राहिलो. दोन वाक्यं बोललो असेन. त्या दिवशी एक बाई रडत घरी गेली आणि सुनेला माहेराहून परत घेऊन आली. मी काय केलं होतं? काहीच नाही. आत्म्याने केलं. तुम्ही मात्र त्याला शिरायला फट ठेवली नाही." मग नवऱ्याला म्हणाले, "शब्द पाठ करू नकोस. गुडघ्यावर बस."

"गुडघ्यावर बसून मालकाचं नाक कापता येतं का?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. "नाही," म्हणाले. "त्यासाठी तुझंच बोलणं बरं."

बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "ऐकलंस ना?"

"ऐकलं. आत्मा यायचा तेव्हा येईल. मालक मात्र समोरच बसलेला असणार. चला, कुत्र्यांपासून पुन्हा म्हणा."

शनिवारी पहाटे जाग आली तेव्हा तो अंथरुणात नव्हता. परसात, पाण्याच्या पिंपाजवळ गुडघ्यांवर बसला होता. मी परत आत गेले. म्हटलं, हेही असू दे, पाठांतराला मदतच होईल.

रविवारी मी त्याचे पाय दगडाने घासून दिले. भाऊजींचे बूट त्याला घातले, कारण त्याचे फाटलेले. भाऊजी येत नव्हतेच. "कशाला वहिनी," म्हणाले, "पुन्हा सगळे वळून बघतील."

"आज दुसऱ्याकडे बघतील," मी म्हणाले. "शर्ट घाला."

देऊळ भरलं होतं. मालक पहिल्या बाकावर, कडक इस्त्रीचे कपडे, शेजारी बायको. घंटा मालकाच्याच माणसाने वाजवली, वेडीवाकडी. नवरा वर जाऊन उभा राहिला. मी अशी बसले होते की मला त्याचा चेहरा दिसावा आणि त्याला माझा.

"राजा होता मोठा," तो म्हणाला.

आणि थांबला.

पायाखाली सुकी लाकडी फळी होती. बूट घट्ट. मी ओठांनी पुढचं सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, काही निघेना. मग त्याचा डावा पाय उचलला गेला. फळीवर ठक्कन वाजला. "राजा होता मोठा." उजवा. ठक्क. "पण पोट होतं..." डावा. ठक्क. तो तिथे, देवाच्या घरात, सगळ्यांसमोर माती तुडवू लागला!

मुलं आधी हसली. मग मोठेही तोंडाला रुमाल लावून. मालकाने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते. आठवडाभर मी त्या माणसाच्या पायांत उपदेश भरला होता, डोक्यात नाही, हे तेव्हा मला कळलं. आणि बाकाखाली माझेही पाय चालले होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

नवरा माझ्याकडे बघायचा थांबला. खाली वाकला. बूट काढले, बाजूला ठेवले. अनवाणी उभा राहिला, आणि मग फळीवर गुडघे टेकले. हसणं विरलं.

"माझं पाठ केलेलं गेलं," तो म्हणाला. आवाज रोजचाच, घोगरा, चहा मागतो तसा. "मला बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. ते माझ्या बायकोचं होतं. चांगलं होतं."

कोणी हललं नाही.

"मी या आठवड्यात हौदात माती तुडवली नाही. मालकांना तुडवलं. रोज. टाचेखाली त्यांचं तोंड होतं, आणि मला बरं वाटत होतं." तो थांबला. मी शिकवलेलं थांबणं नव्हतं ते. त्याला पुढचं खरंच येत नव्हतं. "माझा भाऊ पिणारा नाही. प्रभू, तुला माहीत आहे. हा राग तू घे, मला उचलत नाही. माझ्या भावाचं तूच बघ. मला जमत नाही."

एवढंच. "आता साक्ष," तो म्हणाला, आणि गुडघ्यांवरच राहिला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. संपलं? राजा कुठे गेला, मळा कुठे गेला, आणि माझे कुत्रे? आठवडाभर रक्त आटवलं ते यासाठी? सगळ्या जगासमोर मालकाची माफी मागितल्यासारखं केलं या माणसाने! घरी गेल्यावर याला दाखवते, असं मी म्हणतच होते.

साक्षीच्या वेळी कोणी ना कोणी पटकन उठतं. मूल बरं झालं, गाय व्याली, देवाचे आभार. त्या दिवशी कोणी उठेना. पत्र्यावर उन्हाने टक् टक् आवाज होत होता. कोणीतरी खोकलं. माझ्या अंगावर काटा आला, का ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता सांगताही येत नाही.

मग बाक करकरला आणि मिस्त्री उभा राहिला. दोन्ही हातांनी पुढचा बाक धरून.

"वास येत होता," तो म्हणाला. "मी खोटं नाही बोललो. वास येत होता."

मला वाटलं, आता हाही मातीत घालणार.

"पण बाटली मी आणली होती. हात गेल्यावर. पोरगा किंचाळत होता, गाडी येईना. कळ कमी व्हावी म्हणून मीच त्याच्या तोंडात ओतली. त्याने थुंकली, मी पुन्हा ओतली." त्याने भाऊजींकडे पाहिलं. "यंत्राजवळ आला तेव्हा तो शुद्धीत होता, स्वच्छ. जाळीही मीच काढली. मालकांनी सांगितलं म्हणून."

"मिस्त्री, खाली बस," मालक अर्धवट उठत म्हणाला.

नवऱ्याने मान वर केली. "साक्ष चालू आहे, मालक."

मालक बसला. बसावंच लागलं. आणि सगळ्या माना वळल्या, पण या वेळी मागे नाही. पुढे. पहिल्या बाकाकडे. मी तर अशी बघत होते की पापणी लववली नाही. मालकाची मान कॉलरच्या वर लाल झाली, मग कानही. शेजारी त्याची बायको हळूच बाकावर सरकून लांब झाली, वीतभर. ती वीत मी जन्मभर विसरणार नाही.

मिस्त्री बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. नवरा उठला, म्हणाला, "शांतीचा हात द्या."

लोक उठले, पण हात कोणी कोणाला देईना. सगळे वाट बघत होते. मालकाला दाराबाहेर पडायचं असेल तर शेवटच्या बाकावरूनच जावं लागतं. तो निघाला. मधल्या वाटेने, कोणाकडे न बघता. दाराशी आला आणि भाऊजी त्याच्यासमोर उभे राहिले.

मालकाने सवयीने भाऊजींच्या खांद्याकडे हात नेला. भाऊजी मागे सरले.

"खांदा नको," ते म्हणाले. "उजवा हात देतात."

आणि बाही वर केली. आमच्या घराबाहेर कोणी पाहिलं नव्हतं ते. शिवलेलं, गुलाबी, टोकाला चकचकीत झालेलं मनगट. त्यांनी ते मालकासमोर धरलं आणि धरूनच ठेवलं.

मालकाचा हात पुढे आला, थांबला, पुन्हा आला. शेवटी त्याने ते हातात घेतलं. घेताना त्याचे डोळे मिटले.

"डोळे उघडा," भाऊजी म्हणाले. "मी प्यालो होतो का, मालक?"

"नाही."

"मागे ऐकू गेलं नाही."

"नाही," मालक म्हणाला. आवाज चढवायची कला होती ना त्याच्याकडे? ती कुठे गेली कोण जाणे. आवाजच चिरकला. "प्यालेला नव्हतास. जाळी मी काढायला लावली."

मग त्याने हात सोडवायला बघितला. भाऊजींनी डाव्या हाताने त्याचं मनगट वरून धरून ठेवलं होतं. बराच वेळ धरलं. मालक रडू लागला तरी धरलं. मग सोडलं आणि म्हणाले, "शांती असो." घंटेकडे गेले, दोर डाव्या हाताला गुंडाळला आणि वाजवली. उपासना संपली होती, तरी वाजवली. कोणी अडवलं नाही.

आता सगळे म्हणतात, त्या दिवशी आत्मा उतरला. पाळकही तेच म्हणाले. मी गेले होते त्यांच्याकडे, भांडायलाच. म्हटलं, माझं एक वाक्यसुद्धा लागलं नाही. माझ्या दिराचा सूड, आणि मला एक शब्द बोलू दिला नाही देवाने!

"तू बोलली असतीस तर मिस्त्री उठला असता का?" त्यांनी विचारलं.

नसता उठला. राजा आणि कुत्रे ऐकून मान आणखी खाली घालून बसला असता, हे मला दिसत होतं. म्हणून तर जास्त राग आला.

यंत्रावर नवी जाळी बसली, पण अजून त्याला हात लावायला कोणी धजत नाही. आम्ही हौदातच आहोत. मालक हल्ली सकाळी येतो, मान तुकवून "काय, कसं काय" विचारतो आणि जातो. नवऱ्याचा पाय आता हलका पडतो. तुडवताना गुणगुणतोही कधी कधी.

परवा तो मध्येच थांबला. माझ्या पायांकडे बघत होता.

"अगं," म्हणाला, "आता कोणाला तुडवतेस?"

"कोणाला म्हणजे? मातीला," मी म्हणाले, आणि टाच आणखी जोरात रोवली.